तीन नंबरच्या खोलीत, दारामागे लावलेला कागद

विमान छोटं असतं. बॅग कधीकधी मागे राहते,
उद्याच्या विमानाने येते. जीव टांगणीला लावू नका.
नवा टूथब्रश कपाटात आहे.

विमानतळापासून इथवर दीड तास.
पोटात ढवळलं तर फेल्टनला सांगा, तो थांबवेल;
बोलणं मात्र थांबवणार नाही.
भाडं आधी ठरवा. आणि कुठला डॉलर, तेही विचारा.
बेटावर दोन डॉलर चालतात,
अमेरिकेचा एक म्हणजे आमचे जवळजवळ पावणेतीन,
पहिल्या दिवशी भलेभले फसतात.

दुकानात शिरल्या शिरल्या "केवढ्याला?" नको.
आधी गुड मॉर्निंग.
त्याशिवाय मिस ओफिलियाला ऐकू येत नाही.
तिचे कान ठणठणीत आहेत.

बस म्हणजे व्हॅन. भरली की सुटते.
उतरायचं असेल तर ओरडा, लाजू नका,
मागच्या सीटवरची कोंबडीही ओरडतेच.
रविवारी व्हॅन नाही, पाव नाही,
फक्त चर्चमधला टाळ्यांचा आवाज दरीभर.
पाव शनिवारीच आणून ठेवा.

किनाऱ्यावर ज्या झाडाला लाल पट्टा रंगवलाय
त्याच्या आडोशाला पावसातही उभे राहू नका.
पानांवरून गळणारं पाणी कातडी भाजतं.
फळ छोट्या सफरचंदासारखं. गोड असतं म्हणे.
ज्याने सांगितलं त्याचं तोंड सुजलं होतं.

जून ते नोव्हेंबर खोली स्वस्त मिळते.
का, ते वर बघा:
छप्पर नवीन आहे.
जुनं खाली नदीत सापडलं, तेही अर्धंच.
या पत्र्याला तीनशे बारा स्क्रू आहेत.
मी शिडीवर चढून मोजलेत,
सुतारावर विश्वास नाही म्हणून नाही,
झोप येत नव्हती म्हणून.

नळाचं पाणी प्या. गरम पाण्याला वेळ लागतो,
तोवर खिडकीतून डोंगर बघा, असला तर.
बहुतेक वेळा ढगात असतो.

लष्करी ठिपक्यांचे कपडे घालू नका,
इथे कायद्याने बंदी आहे, पोलीस काढून घेतात.
एका जर्मन पाहुण्याला भर बाजारात गाठलं होतं.
क्लेव्हिलने, माझ्या नवऱ्याने, आपली पँट दिली,
वर टॉवेल धरून उभाही राहिला.
तीन महिन्यांनी पँट टपालाने परत आली,
धुतलेली, इस्त्री केलेली,
खिशात चॉकलेट.

क्लेव्हिल तोवर नव्हता.

(चेकआउट अकराला. नाणी बशीत टाका,
बँक तुमच्याकडे ती बदलून देणार नाही.)

बॅग खरंच आली नाही, तर
पँट त्याच कपाटात, वरच्या फळीवर आहे.
कंबर छत्तीस.
बसली तर घाला.