न्याहारीआधी अर्धा तास

त्रिएस्तेच्या बंदरावर लिव्हिओ फुर्लानिच
कॉफी चाखतो. चाखतो आणि थुंकतो,
दिवसाला साठ चमचे, एकतीस वर्षं.
"मी गिळत नाही," माझ्या काउंटरवर
कोपर टेकून शपथेवर सांगतो,
"मग ही जळजळ येते कुठून?"

खोटं. प्रत्येक खेपेचा शेवटचा चमचा तो गिळतो.
बायकोनं सांगितलंय मला.

गेल्या आठवड्यात खडूसारख्या गोळ्यांची
तीन पाकिटं नेली त्यानं.
चघळली की पाच मिनिटांत गार,
तासाभरात पुन्हा घशाशी.
तांब्याभर पाणी ते, वरवर शिंपडलेलं.

ही कॅप्सूल वेगळी, लिव्हिओ.
ही काही विझवत नाही.
पोटाच्या अस्तरात बारीक पंप आहेत, मोजता न येणारे,
घास आला की जागे होतात
आणि आम्ल उपसू लागतात.
ते उठतील तेव्हा हिनं रक्तात हजर असायला हवं.
म्हणून न्याहारीआधी अर्धा तास.
अख्खी गिळ, पाण्याबरोबर. फोडू नकोस, चावू नकोस.
तू चाखायची गोष्ट नव्हे ही.

तो हसला. बाहेर बोरा वारा
कुणाची तरी छत्री उलटी करून पळवत होता.

आज घेतलीस म्हणून आज थंड होणार नाही.
शरीर रोज नवे पंप घडवतं,
हट्टी कारागीर आहे ते. चार दिवस दे.

"आणि मग जन्मभर?"

माझ्या आईनं घेतली अकरा वर्षं.
कुणी थांब म्हटलं नाही, तिनंही विचारलं नाही.
रक्तातलं मॅग्नेशियम उतरलं,
रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे,
आणि एके दिवशी मनानंच बंद केली एकदम,
तर दाबलेलं सगळं आम्ल दुपटीनं उसळलं.
म्हणून आधी तारीख ठरव, मग डबी उघड.

पैसे मोजता मोजता तो सहज म्हणाला,
"हल्ली पाव अडकतो. इथे. पाण्यानं ढकलावा लागतो."
तेव्हा पाहिलं मी:
कॉलरच्या आत दोन बोटं मावतील एवढी मान.

मी डबी परत ओढून घेतली.
ही आधी नाही, लिव्हिओ.
ही जळजळ गप्प करेल,
आणि गप्प झालेल्याकडे कुणी बघत नाही.

डॉक्टर कोझलोविचना फोन लावला.
रिंग वाजत राहिली.
त्यानं खिशातून चाखायचा चमचा काढला,
रुमालानं पुसला,
पुन्हा पुसला.