नख अडकलं तर

साखळी उतरली ती आतल्या बाजूला,
फ्रीव्हील आणि आऱ्यांच्या मधल्या फटीत.
फलजच्या पुलाचा चढ, पहाटेचे साडेचार,
मी पायडलवर उभा.
करकरलं, अडलं, थांबलं.
पडलो नाही. हे आधी सांगून टाकतो,
फोनवर रेवतीनंही तेच आधी विचारलं.

छत्तीसातल्या नऊ आऱ्यांना चरे.
तुटला एकही नाही.
तुटला असता तर प्रश्नच नव्हता.

मोफिजुलनं सायकल उताणी केली,
चाक हळूच फिरवून थांबवलं,
आणि बोटानं एकेक आरा छेडत गेला,
कान जवळ नेऊन,
दुकानातला पंखासुद्धा बंद करून.
सगळे सारखे वाजले.
दुखावलेले सुद्धा.
"चलेगा," म्हणाला.
मग पुसलेले हात पुन्हा पुसत,
"कब तक, वो मत पूछना."

एका आऱ्याचे दोनशे बैसा.
नऊ आऱ्यांचे एक रियाल आठशे.
टायर काढून घालायचे, आऊट काढायचे वेगळे.
तीन रियाल धरा.
तीन रियालात मेसचे सहा दिवस निघतात.
अख्खी सायकलच मला पाचाला पडली,
दाभोळचा परकार कायमचा घरी गेला तेव्हा,
घंटीसकट.
आणि माझा करार फेब्रुवारीत संपतो.
चार महिने.
चार महिने कोणीही टिकतं.

आता गंमत ऐका.
मी इथे सोहारला पोटासाठी काय करतो?
बोल्ट बघतो.
बंदरामागच्या प्लांटात, शटडाऊन असला की दिवसाला हजारेक.
हातमोजा काढायचा,
आट्या संपतात तिथून खाली
उजव्या अंगठ्याचं नख फिरवायचं.
नख सरकलं, पास.
नख अडकलं, लाल टॅग.
किंमत विचारायची नाही,
कोणाला किती घाई आहे तेही नाही.
एकदा फोरमन अंगावर आला, एवढ्याशा ओरखड्यासाठी?
म्हटलं, साहेब, भेग जन्मताना एवढीशीच असते.
हे वाक्य मला फार आवडलं होतं.
रूममध्ये दोनदा सांगितलं.

तोच मी, तीन दिवस
स्वतःच्या चाकाला नख लावेना.
साखळीकडे बघायचो, हवा तपासायचो,
मडगार्डवरची धूळसुद्धा पुसली,
जे कधी केलं नव्हतं.
"दाढेचंही असंच केलंस," रेवती म्हणाली,
"शेवटी काढावीच लागली."
मी म्हटलं, रेंज जातेय.

तिसऱ्या रात्री समुद्राकडून दमट हवा आली,
कॅम्पच्या पत्र्यांवरून पाणी ठिबकायला लागलं.
कपड्यांच्या दोरीखाली, ट्यूबच्या उजेडात बसलो.
चरे तांबूस व्हायला लागले होते.
लावलं नख.

पाच सरकले.
चार अडकले.

शुक्रवारी मोफिजुलनं चार बदलले.
नव्याशेजारी जुना असला की
ताण सारखा बसायला वेळ लागतो, म्हणाला,
पंधरा दिवसांनी ये, आऊट फुकटात काढतो.
त्याच्या उजव्या अंगठ्याला नखच नाही,
हे तेव्हा पाहिलं. विचारलं नाही.

काढलेले चार मागून घेतले.
एकाचा आकडा केलाय, त्यावर युनिफॉर्म वाळतो.
उरलेले गादीखाली आहेत, कशाला ते ठाऊक नाही.

रोज पहाटे, बसायच्या आधी,
त्या पाचांवरून नख फिरवतो.
अजून सरकतं.

शेजारच्या खोलीतला नवा पोरगा, नंदलाल,
सायकलवर डोळा ठेवून आहे.
येता-जाता घंटी वाजवून बघतो,
चाकाकडे बघत नाही.
फेब्रुवारीत त्याला खाली बसवीन,
त्याचं नख धरून ते पाच आरे दाखवीन.
किंमत मात्र पाचच सांगेन.
घंटीसकट.