एवाल्ड चुकतो ती जागा

दोन्ही कान गेले तेव्हा हेल्यू एक्क्याऐंशीची होती.
पुढच्या हिवाळ्यात, बेटाभोवतीचा समुद्र गोठलेला,
एका पहाटे तिला अकॉर्डियन ऐकू आलं.
आधी वाटलं, शेजारचा एवाल्ड असेल.
मग आठवलं,
एवाल्डला पुरून नऊ वर्षं झाली.

बोटी सुरू झाल्यावर ती पार्नूला डॉक्टरकडे गेली.
त्याने कागदावर लिहिलं:
बाहेर काही वाजत नाही.
शांतता सोसवेना की मेंदू स्वतःशीच वाजवत बसतो.
गोळ्या देतो, थांबेल.

"आणि मी सुखात आहे, तेही आतलंच?"
तिने विचारलं, अंमळ मोठ्यानेच.
मग खाली बोट दाखवलं.
लोकरी मोज्यातला तिचा डावा पाय
टेबलाखाली ठेका धरून होता.

डॉक्टर वाकून बघत राहिला.
पायाबद्दल त्याने काही लिहिलं नाही.

गोळ्या अजून पिठाच्या डब्यामागे आहेत.
हेल्यू मासे खारवते,
मधेच सुरी थांबवते,
कारण आता तो तुकडा येतो
ज्यात एवाल्ड हमखास चुकायचा.

अजूनही चुकतो.
माझ्या मनाने रचलं असतं, ती म्हणते,
तर एवढं तरी दुरुस्त केलं असतं.