नाबेचा चौथा दिवस

महापेला सातव्या मजल्यावर
माझ्या टेबलावर एका बेटाचं जेवण आलं आहे.
जपानच्या दक्षिणेकडचं कुठलंसं बेट,
पन्नास वर्षांपूर्वीच्या वह्या, स्कॅन केलेल्या,
शेजारी कुणीतरी केलेलं भाषांतर.
मी फक्त पदार्थाला आकडा द्यायचा.

नाबे, शेतकरीण, वय एकसष्ट.
सकाळी उकडलेली रताळी, तीन. सालं डुकराला.
दुपारी रताळी, दोन. कारलं. मिसोचं पाणी.
रात्री सकाळचंच.
रताळ्याचा कोड दोनशे चार.
दोनशे चार, दोनशे चार,
जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडते
आणि पोळीकडे बघून आधी आकडा आठवते.

चौथ्या दिवशी तिनं लिहिलंय,
वादळ. चूल पेटली नाही.
कामादोकडून वाडगाभर भात आला.
रिकामं वाडगं कसं परत करू?

वाडग्याला रकाना नाही.
मी भात नोंदवला. एकशे दहा ग्रॅम, अंदाजे.

रात्री घणसोलीत, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेल्या
आमच्या दुसऱ्या मजल्यावर
सासू वाल सोलत बसली होती.
आय, तुम्ही लहानपणी रोज काय खायच्या?
मान वर न करता म्हणाली,
"जा गावला ता."

मग एकेक वाल सुटावा तसं सुटत गेलं.
रात्याचा लाल भात, खारं पाणी पिऊन वाढलेला.
सकाळी त्याचीच पेज, वर भाजलेलं सुकट.
चिखलात कोपरापर्यंत हात घालून काढलेले निवटे.
रताळी?
"ती उपासाला. रोज खाऊन पोट नाय दुखला तिचा?"
आणि मोरस. "खाजनान उगवाची.
मीठ नाय घालाचा तिला. ती घेऊनच येते."
किती खायच्या, ग्रॅममध्ये?
तिनं ओंजळ दाखवली.
संधिवातानं वाकलेली बोटं, ओंजळ पुरती मिटेना.
माझ्या यादीत मोरस नाही.
इतर पालेभाज्या, नऊशे नव्व्याण्णव.

मी तिला नाबेचं वाडगं सांगितलं.
वालाचं सूप बाजूला सारून
ती बराच वेळ गप्प राहिली,
जणू निरोप खालच्या आळीतूनच आला होता.
"शेती हाय ना अजून तिची?"
वहीत तसं विचारलेलं नाही, आय.
"मग मीठ घालून देवाचा. आमचे आगरान काय, मीठच मीठ.
पन हातावर नाय द्याचा, भांडान होतील.
वाडग्यानच."

सकाळी पाचवा दिवस उघडला.
रताळी, तीन. सालं डुकराला.
वारा पडला. वाडगं देऊन आले.

कशानं भरून,
ते तिनं लिहिलेलं नाही.