तिसरी फळी

निलंथी कोलंबोला कायमची परतली तेव्हा
तिचा कॅमेरा मी पंधरा रियालला घेतला.
साबणाच्या वडीएवढा, एका कडेला पोचा आलेला.
शर्टाच्या खिशात बसतो,
पेन आणि हॉस्पिटलच्या ओळखपत्राच्या मध्ये.
कार्डावर तिचे सतरा फोटो राहिले होते,
सगळे एकाच खिडकीतून, एकाच पार्किंगचे.
पुसले नाहीत.
जागा आहे अजून.

मोबाइल असताना हा कशाला,
डायलिसिसच्या पाळीतला बालाजी विचारतो.
याला फोन येत नाही, मी सांगतो.

शुक्रवारी सूरला निघालो.
मस्कतपासून दोन तास, डावीकडे समुद्र,
उजवीकडे करपलेल्या भाकरीसारखे डोंगर.
मी औशाचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानातून,
तोही पंखाआडून, अर्धाच.

गाडीचा एसी अठरावर.
गोदीपाशी दार उघडलं आणि भिंगावर वाफ धरली.
ऑगस्टात इथे असंच.
थंड काच बाहेर काढली की हवा तिच्यावर घाम पुसते.
आपण पुसायचं नसतं, ओरखडे येतात.
दहा मिनिटं तळहातावर धरून उभं राहायचं,
बशीतला चहा निवायची वाट पाहावी तसं.
त्या दहा मिनिटांत
एक बकरी गोदीत शिरली, पुठ्ठा खाऊन बाहेर आली,
आणि दीपगृहाकडून एक पोरगा सायकल ढकलत गेला,
निघालेली चेन गळ्यात घालून.
या दोघांचा फोटो नाही.

मग मोइदू.
बेपूरचा. बत्तीस वर्षं वाकस चालवतोय.
मागे अर्धं गलबत, बरगड्या उघड्या,
माशाच्या तेलाचा वास.
"सागवान आमच्याकडचं," म्हणाला,
घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तसं.

मी विचारलं, फोटो?
त्याने बनियनवर शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली,
कानामागची पेन्सिल काढली,
परत ठेवली.
कॅमेऱ्याने घूं करून नाक पुढे काढलं.
टिचकी.

दाखव, म्हणाला.
पडदा काडेपेटीएवढा, त्यावर दुपारचं ऊन.
आम्ही डोक्याला डोकं लावून सावली केली.
मला वाटलं, चेहरा बघेल,
घरी पाठव म्हणेल.
"मोठं कर."
केलं.
"अजून. डावीकडे. खाली."
बटण दाबता दाबता त्याचा चेहरा पडद्यावरून निघून गेला,
मग खांदा,
मग नुसतं लाकूड.
"तिसरी फळी," तो म्हणाला. "नखाएवढी वर गेलीय."
मला सगळ्या फळ्या सरळ दिसत होत्या.
मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटला, मला नव्हे, फळीला.
मग वळून खऱ्या गलबतासमोर उभा राहिला,
एक डोळा मिटून, बराच वेळ.
"रोज नाक लावून बघतो ना," म्हणाला,
"म्हणून राहिली."

शर्ट काढून खुंटीला लावला.
खिळे उपसायला बसला.
एकेक खिळा कुरकुरत बाहेर येत होता,
आणि तो पुन्हा लागतील तसे ते टोपीत टाकत होता.
आणखी एक काढू का? मी विचारलं.
"नंतर. सरळ झाल्यावर."

नंतर म्हणजे केव्हा, ते विचारलं नाही.
बॅटरीचं लाल चिन्ह लुकलुकत होतं
आणि मला रात्रपाळी होती.

एव्हाना ते गलबत पाण्यात असेल.
एखाद्या हौशी मालकाकडे, दिव्यांच्या माळा लावून,
किंवा खरोखरीच काहीतरी वाहून नेत.
त्यात वाकडी फळी नाही.
ती माझ्याकडे आहे,
निलंथीच्या सतरा खिडक्यांनंतरची अठरावी:
गळ्यापर्यंत बटणं लावलेला एक माणूस
आणि त्याच्या डाव्या खांद्यामागे
त्याची चूक.

पाळी संपल्यावर कधीकधी मोठं करून बघतो.
डावीकडे जातो. खाली जातो.
अजून सापडलेली नाही.