जमेची बाजू

नोव्हेंबर सरताना सूर्य डोंगरामागे जातो
तो जानेवारी संपत आल्यावर परततो आमच्या फ्योर्डात.
मधल्या दोन महिन्यांत
उजेड म्हणावा अशा जागा दोनच :
मासळीचा कारखाना, जिथं कुणी हौसेनं जात नाही,
आणि नगरपालिकेचा तरणतलाव.

मी पालिकेची हिशेबनीस, हाल्बेरा.
माझ्या वहीत तलाव असा दिसतो :
वीज, क्लोरीन, दोन जीवरक्षक, छताची गळती,
चार कोटी दहा लाख क्रोना.
तिकिटांचे आले नव्वद लाख.
बाकी तूट.
दर वर्षी ही तूट मी लाल शाईनं लिहिते
आणि संध्याकाळी त्याच तुटीत
गळ्यापर्यंत बुडून बसते.

गरम कुंडात माणसं मावतात सहा, बसतात आठ.
कपड्यांबरोबर हुद्देही खुंटीला.
मुख्याध्यापकाच्या गुडघ्याला गुडघा लावून
कचरागाडीचा चालक,
ज्याच्या पगारातून मी मागच्या वर्षी दंड कापला.
आणि बोगुमिला. कॉड कापून कापून बोटं आखडलेली.
पोलंडहून आली तेव्हा आमच्या भाषेतले
दोनच शब्द तिला येत : मीठ, आणि लवकर.
उरलेली भाषा ती इथं शिकली, पाण्यात बसून,
म्हणून तिच्या शिव्या
आमच्याहून सफाईदार.

डिसेंबरात बॉयलर फुटला.

सभेत केटिल उभा राहिला, दोन बोटींचा मालक.
"धक्क्याचा बांध खचलाय," म्हणाला.
"बांध गेला की बोटी गेल्या, बोटी गेल्या की गाव.
आणि तुम्ही पाणी तापवताय?
ज्याला डुंबायचंय त्यानं स्वतःच्या खिशातून डुंबावं.
वीस वर्षांत मी तिकडे फिरकलो नाही,
माझा कर का फिरकावा?"

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही.
आकडे त्याच्या बाजूचे होते.
मीच काढून दिले होते.

मग मागच्या बाकावरून म्हातारी आल्फदीस उठली,
गावाच्या तीन पिढ्या जिनं पाण्यात ढकलल्या.
"केटिल, तुझा आजा धक्क्यापासून
चाळीस हातांवर बुडाला.
अख्खं गाव काठावर उभं होतं.
पोहता कुणालाच येत नव्हतं,
ना बुडणाऱ्याला, ना बघणाऱ्यांना.
त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हा तलाव खणला."

केटिलनं टोपी काढली. पुन्हा घातली.
"माझ्या आज्याला," तो म्हणाला,
"तुमच्या जमाखर्चात ओढू नका."

आणि तेही बरोबरच होतं.

चार विरुद्ध तीन.
बॉयलर आला, दुसऱ्या कुठल्या गावानं काढून टाकलेला.
घसरगुंडी बंद, तलाव आठवड्याला चार दिवस,
बांधासाठी कर्ज, तेही निम्म्याच बांधासाठी.
कुणीच खूश नाही.
याला आम्ही अंदाजपत्रक म्हणतो.

बुधवारी, बंदच्या दिवशी, वह्या घेऊन आत बसले होते.
दार कुणीतरी हलवून पाहिलं.
बोगुमिलाचा धाकटा. काखेत टॉवेल.
पाटी वाचता येते त्याला.
तरी उभा राहिला बराच वेळ,
पाटीचं मत बदलेल म्हणून.

शुक्रवारी उघडला.
वरून बर्फ पडतंय, खालून वाफ उठतेय,
मध्ये नुसती डोकी, आणि डोक्यांमधून चाललेलं बोलणं :
कुणाची गाय, कुणाचा घटस्फोट, निम्मा बांध.
लहानांच्या पाण्यात केटिलची नात
पाठीवर तरंगायला शिकतेय. आल्फदीसचा हात
तिच्या मानेखाली आहे, की नाहीये आता,
इथून कळत नाही.

बाहेर गाडी उभी. इंजिन चालू, दिवे बंद.
काचेवर आतून धुकं,
मधेच बाहीनं पुसलेलं एक गोल.

रात्री वहीत जमेच्या रकान्यात
पैशांऐवजी चुकून लिहून गेले :
माणसं, त्रेसष्ट.
खोडलं नाही.
खाली बारीक अक्षरात टीप दिली,
लेखापरीक्षकाला लागते म्हणून :
गाडीतलं एक धरलेलं नाही.