आठ तासांचा बुरूज

धंतोलीत, दवाखान्याच्या काउंटरमागे,
खणात मोबाइल उताणा ठेवून
मी एक किल्ला बांधते.
तीन वर्षं झाली. लेव्हल एकसष्ट.
रुपया लावला नाही.

हे मी अभिमानाने सांगते, म्हणजे सांगायची,
डब्याच्या वेळेला, एक्स-रेवाल्या प्रज्योतला,
जो पगार झाला की एकोणनव्वद रुपयांचे हिरे घेतो
तर्री-पोह्यांवर शेव जास्त मागावी तसे.
"ताई, आठ तास कोण थांबून राह्यते?"
"ज्याला गवंडीकाम कळते तो."
माझा बाप गवंडी. स्लॅब टाकली की
एकवीस दिवस पाणी मारायचा,
मालकाने कितीही घाई केली
तरी सेंट्रिंगला हात लावू द्यायचा नाही.
सिमेंटला हिरे दाखवता येत नाहीत.

तर बुरूज: आठ तास.
खंदक: चौदा.
मोठा दरवाजा: दोन दिवस सहा तास.
आणि खाली ते हिरवं बटण, श्वास घेतल्यासारखं
लहान होतं, मोठं होतं:
आत्ताच पूर्ण करा.
मी अंगठा बाजूने काढते,
उधारी असलेल्या दुकानासमोरून
माणूस फोन कानाला लावून जातो तसा.
सकाळी दहाला शटर उघडताना बुरूज लावायचा.
सहाला तयार.
कंपनीला काय वाटत असेल माझ्याबद्दल, कोण जाणे.

काउंटरवर मात्र ते घड्याळ मीच.
टोकन सत्तेचाळीस. आत चालू आहे एकोणीस.
"किती टाइम लागन, मॅडम?"
"बसा."
मे महिना, कूलरचं पाणी तळाला,
खुर्च्यांचं रेक्झिन पाठींना चिकटलेलं.
भिंतीवर पाटी, माझ्याच अक्षरात:
तातडीची तपासणी, तीनशे रुपये जादा.
तिला कुणी हिरवं बटण म्हणत नाही.

तुमसरचे देवराव नेवारे ती पाटी दोनदा वाचतात.
खिसा चाचपत नाहीत.
खिशात काय आहे ते पाठ आहे त्यांना.
"बसतो न बाप्पा. गाडी साडेसहाची आहे."
मी मान खाली घालते.
खणात, अजून दोन तास अकरा मिनिटं.
आम्ही दोघंही फुकटात खेळून राहिलो.

आता खरं सांगते.
एकदा लावले.
आईच्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये गेला त्या आठवड्यात.
लॅबवाला म्हणाला, सात दिवस.
मी म्हटलं, जादा देते.
तो म्हणाला, ताई, तुम्ही तर दवाखान्यातल्या,
मेणात बसायला तुकड्याला लागतो तेवढा वेळ लागतोच.
त्या रात्री अजनीच्या खोलीत
भिंतीकडे तोंड करून आई झोपलेली.
तिची पाठ वर-खाली होताना मोजता मोजता
अंगठा ठेवला.
एकोणनव्वद. पिन. परत एकोणनव्वद.
बुरूज, खंदक, दरवाजा
धडाधड उभे झाले, फटाके फुटले,
तुतारी वाजायला लागली, मी आवाज बंद केला.
सगळं बांधून झालं.
आणि रात्रीचे फक्त पावणेदोन वाजले होते.

प्रज्योतला नाही सांगितलं.
पण आता त्याने हिरे घेतले की मी हसत नाही.
विचारते, "काय झालं रे?"
बहुतेकदा काहीच झालेलं नसतं.
एकदा तो पोहे तसेच टाकून उठला.

सहा वाजले. खणात टुणकन वाजलं.
त्याआधीच मी ओरडले होते: "सत्तेचाळीस!"
देवराव उठले. रेक्झिनवर त्यांच्या पाठीचा
ओला नकाशा राहिला.
दाराशी थांबून म्हणाले,
"माझी गाडी जाईन का वो?"
"जाईन. पुढची आठची आहे.
मागच्या डब्यात बसा, जागा भेटते."
सगळ्या गाड्या मला पाठ आहेत.
तुमसर, गोंदिया, बालाघाट.